डुकरं फार येतात का हो?

प्रिय बाय,

गोव्यात सत्तरी तालुक्यात तुझी नेमणूक झाल्याचं कळलं. फार आनंद झाला. लसीकरण, रजिस्टरं, घरभेटी, हे तुला तिथल्या सिस्टर शिकवतील. मी लिहितेय ते बंदुकीबद्दल.

रानडुकरं आणि माकडं बागायतीत शिरतात, म्हणून शेतीराखणीच्या परवान्याच्या बंदुका तिथे पिढ्यान् पिढ्या घरात आहेत. काही बिनपरवान्याच्याही असतात. बीपी बघतेस, गोळ्या विचारतेस, तसंच हेही विचारत जा. पण "बंदूक आहे का?" असं थेट नको, माणसाला लगेच पोलीस आठवतो. "डुकरं फार येतात का हो?" इथून सुरुवात कर. पुढचं ते आपणहून सांगतात.

ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून बंदुकीची दारू आणि छर्रे ठासून भरायची ती, एकदा भरली की रिकामी करणं किचकट. भरलेला बार न काढता रानातून परतलेला माणूस ती तशीच खुंटीला अडकवतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत अशाच बंदुकीने जखमी झालेला नऊ वर्षांचा मुलगा आमच्याकडे आणला होता. त्याच्या आजीला मी दर महिन्याला गोळ्या नेऊन द्यायची. कितीदा त्या घरात बसून चहा प्याले, पण मान वर करून भिंतीकडे कधी पाहिलं नाही. पोर वाचलं, डावा हात गेला. तो माझा दोष मी अजून विसरलेली नाही.

बंदूक रिकामी करून कुलपात, आणि बंदुकीची दारू, छर्रे, केपा (बार पेटवणाऱ्या छोट्या टोप्या) वेगळ्या कुलपात, एवढं प्रत्येक घरी सांग. रिकामी करायची ती परवानाधारकाने. तू हात लावू नकोस. काजूच्या दिवसांत जास्त बोल. रात्रीची राखण, पोटात हुर्राक (काजूची दारू), आणि हललेलं झुडूप डुक्कर वाटतं. झुडपामागे शेजारीही असू शकतो.

खचलेल्या माणसाचं मात्र वेगळं. कर्ज असेल, दारू असेल, बायको गेली असेल. जेवत नाही, झोपत नाही, "आता काय उरलंय" म्हणतो. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे त्याला जवळ बसून सरळ विचार. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. ती ऊर्मी बहुतेकदा ओसरते, पण बंदूक हाताशी असेल तर सावरायला वेळच उरत नाही. निवडणुकीला बंदुका ठाण्यात जमा होतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरच्यांना मी म्हणायचे, "मतदानाला ठेवता ना, तशी आता आजारपणात ठेवा." आधी ठाण्यात बोलून घ्यायला लाव. डॉक्टरांना त्याच दिवशी कळव. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून दे. फोन फुकट लागतो, रात्रीही. आणि "कुणाला सांगणार नाही" असं वचन कधी देऊ नकोस. जीव धोक्यात असेल तर सांगावंच लागतं.

पहिल्या भेटीत सगळे गप्प राहतील. एका आजोबांनी मला चौथ्या खेपेला कमरेची किल्ली काढून दाखवली, "बघ सिस्टर, लावलंय कुलूप." तोवर जात राहा.

तुझी,
मावशी