लीकची रोपं कांद्यासारखीच लावायची का?

छाटणी कांद्यासारखी केलीत तरी चालेल. लागण मात्र बरोबर उलटी.

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये यंदा पहिल्यांदाच अलॉटमेंट (भाजीपाला लावायला भाड्यानं मिळणारा जमिनीचा छोटा पट्टा) मिळाली, शेजारच्या पट्ट्यातल्या आजोबांनी लीकची (कांद्याच्याच कुळातली, लांब पांढऱ्या दांड्याची भाजी) पन्नासेक रोपं पेपरात गुंडाळून दिली, आणि गावी कांद्याची लागण पाहिलेली असल्यामुळे तीच पद्धत वापरावी का, पानं-मुळं कापावीत का, असा प्रश्न पडलाय. मी निफाड तालुक्यातल्या कांदेवाल्या घरातली, आता बरीच वर्षं न्यूकॅसलजवळ राहते. पहिल्या वर्षी मी हाच हिशेब केला आणि फसले.

कांद्याचं रोप वरवर लावतात. लहानपणी लागणीच्या बायांबरोबर वाफ्यात बसून बोटांना सवयच लागलेली: ओल्या मातीत अंगठ्यानं रोप बोटाच्या पेराएवढं दाबायचं आणि पुढे सरकायचं. खोल गेलं तर कांदा पोसत नाही, मान तेवढी जाड होते, हे आमच्या आण्णांचं पालुपद. ते खरंच आहे, कारण कांद्याला खाली गड्डा धरायचा असतो. लीकला गड्डा नकोच. आपण खातो तो पांढरा दांडा म्हणजे एकात एक गुंडाळलेले पानांचे बुडखे, आणि ते पांढरे, कोवळे राहतात ते केवळ उजेड न लागल्यामुळे. रोप जितकं खोल, तितका पांढरा भाग जास्त. मी पेरभर खोल लावून माती छान दाबली. नोव्हेंबरात हाती आलं ते चार बोटं पांढरं आणि बाकी हातभर हिरवं, चिवट.

आता तुमची रोपं. लावण्याआधी पेपर सोडून मुळं नीट बघा. बुडाशी कापसासारखी पांढरी बुरशी आणि त्यात मोहरीहूनही बारीक काळे ठिपके दिसले, तर आजोबांचे आभार माना आणि रोपं कचऱ्याच्या पेटीत टाका, कंपोस्टच्या ढिगावर नको. ही पांढरी सड. एकदा जमिनीत शिरली की कित्येक वर्षं जात नाही, आणि लीकपेक्षा कांदा-लसणाचं जास्त वाटोळं करते. फुकटात मिळालेल्या रोपांबरोबर आणि बुटाला चिकटलेल्या मातीबरोबर ती एका पट्ट्यातून दुसऱ्यात जाते. मुळं पांढरी, स्वच्छ असतील तर पुढचं वाचा.

रोप पेन्सिलीएवढं जाड आणि साधारण २० सें.मी. उंच असावं. मार्च-एप्रिलमध्ये बी टाकलं की जून-जुलैत ते तयार होतं. आपल्याकडे कांद्याचं उळं (बी) टाकल्यावर सात-आठ आठवड्यांत लागण होते. इथल्या थंडीत लीकला बारा आठवडे सहज लागतात, तेव्हा रोपं उशिरा मिळाली म्हणून घाबरू नका. पुढच्या वर्षी स्वतः रोप टाकलंत, तर काढायच्या आदल्या दिवशी वाफ्याला भरपूर पाणी द्या आणि काट्याच्या फावड्यानं खालून उचला. पात धरून ओढाल तर अर्धी मुळं जमिनीतच राहतील.

छाटणीचं म्हणाल, तर नाशिककडे लावण्याआधी कांद्याच्या पातीचा शेंड्याकडचा एक तृतीयांश भाग कापतात. इथले जुने माळीही लीकची पानं आणि मुळं दोन्ही कापतात. कारण असं की उपटताना मुळं तुटतात, पाणी ओढायची ताकद कमी होते, आणि पानं मात्र पाणी उडवतच राहतात. पटण्यासारखं आहे. पण मी एका वर्षी एक ओळ छाटून आणि एक न छाटता लावली, तर सप्टेंबरात कुठली कुठली तेच ओळखू येईना. म्हणून पानांची फार लांबलेली, लोळणारी टोकंच कापते. मुळांचं वेगळं आहे. ती लांब असली की भोकात सोडताना वर वळतात आणि रोप अधांतरी लटकतं. त्यांना दोन-तीन सें.मी.वर कात्री लावा. कापायचं जिवावर येत असेल तर मुळं बादलीत बुडवून ओली करा आणि रोप भोकात फिरवत फिरवत सोडा, सरळ खाली जातं. ट्रेमधल्या कप्प्यांत वाढवलेल्या रोपांना यातलं काहीच नको. ती मातीच्या गड्ड्यासकट लावायची, भोक तेवढं जरा रुंद करायचं.

जमीन: मी लवकरचा बटाटा काढून त्याच जागी लीक लावते. बटाट्याला घातलेलं शेणखत पुरतं, माती खोलवर मोकळी झालेली असते. मात्र ती इतकी भुसभुशीत असते की भोक पाडलं की लगेच ढासळतं. म्हणून पायानं हलकंसं तुडवायचं, आदल्या संध्याकाळी पाणी द्यायचं. ओल्या, किंचित बसलेल्या मातीत भोक बाटलीच्या तोंडासारखं उभं राहतं. मागच्या दोन-तीन वर्षांत जिथे कांदा, लसूण किंवा लीकच होता, ती जागा टाळा.

भोक पाडायला दुकानातलं अवजार विकत घेऊ नका. फावड्याचा मोडका दांडा टोकदार करून त्यावर १५ सें.मी.वर खूण करा. तो खुणेपर्यंत रोवायचा, जरासा गोल फिरवायचा आणि काढायचा. दोन रोपांत १५ सें.मी., दोन ओळींत ३० सें.मी. प्रत्येक भोकात एक रोप सोडा, वर पानांचे शेंडे तेवढे दिसतील. मग झारीची जाळी काढून भोक पाण्यानं काठोकाठ भरा.

आणि थांबा. माती लोटू नका, दाबू नका. इथेच आपला हात ऐकत नाही. पाणी खाली जाताना थोडी माती मुळांवर नेऊन बसवतं, तेवढी रोपाला पुरते. बाकीचं भोक उघडं राहतं, आणि पुढे पावसानं, खुरपणीनं हळूहळू आपोआप भरत जातं. तोवर दांड्याला जाड व्हायला मोकळी जागा मिळते. शिवाय सुरुवातीलाच माती कोंबली तर ती पानांच्या बेचक्यात शिरते, आणि तुम्ही डिसेंबरात सिंकपाशी उभ्या राहून कचकच धूत बसाल. दुसऱ्या वर्षी मी व्हिडिओ कॉलवर ही उघडी भोकं आण्णांना दाखवली. ते म्हणाले, "अगं, हे काय उंदरांची बिळं केलीस? दाब ती माती!" मी दाबली नाही. ऑक्टोबरात वीतभर पांढरा दांडा दाखवला तेव्हा म्हणाले, "बरंय, पण याला कांदा म्हणू नकोस."

पहिले आठ-दहा दिवस रोपं मलूल, आडवी पडलेली दिसतील. मन घट्ट करा. पाऊस नसेल तर आपल्या आंबवणीसारखं तिसऱ्या-चौथ्या दिवशी पुन्हा पाणी द्या. नवं मधलं पान उभं दिसलं की रोप लागलं समजा. भोकं भरल्यावर ऑगस्टपासून अधूनमधून दांड्याला मातीची भर द्या, पण पानं जिथे फुटतात त्याच्या वर माती जाऊ देऊ नका.

एक सावधगिरी. आमच्या भागात लीकची स्पर्धा फार गंभीरपणे घेतात. स्पर्धेतलं ते 'पॉट लीक' आखूड आणि अवाढव्य जाड असतं, त्याचा पांढरा भाग १५ सें.मी.पेक्षा लांब चालत नाही. ते बहुतेक बियांपासून करतही नाहीत, फुलाच्या गोंड्यावर फुटलेल्या बारीक कोंबांपासून वाढवतात. तेव्हा क्लबमधल्या कुणी वेगळंच काही सांगितलं, तर ते नक्की कुठल्या लीकबद्दल बोलतायत ते आधी विचारा.

जाळी मात्र लागणीच्याच दिवशी घाला, बारीक विणीची, कडा मातीत दाबून. पानं पोखरणारी एक माशी ब्रिटनमध्ये २००२ मध्ये पहिल्यांदा सापडली आणि तेव्हापासून पसरतेच आहे. वसंतात आणि पुन्हा शरदात ती अंडी घालते. पानावर एका ओळीत पांढरे टिंब दिसले की ती येऊन गेली समजायचं. अळ्या दांड्यात उतरतात आणि मग तो सडतो. पानांवर नारिंगी पुटकुळ्या आल्या तर तो तांबेरा. दिसायला भयंकर, पण तेवढी पानं काढून लीक खुशाल खा.

पन्नासातली चाळीस लावा. उरलेली दहा एका कोपऱ्यात जवळजवळ रोवून ठेवा, नांगे, म्हणजे मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा, भरायला लागतील. त्यातून जी उरतील ती सप्टेंबरात बोटाएवढी झाली की उपटून बारीक चिरा आणि पातीच्या कांद्याचा करतो तसा झुणका करा. बेसन मात्र जरा जास्त घ्या, लीकला पाणी फार सुटतं.