एमपी३चं फ्लॅक करून टाळ सुधारत नाहीत, कॅसेटच पुन्हा लावावी लागते

तुमचा पहिला प्रश्न असा, की कॅसेटवरून केलेल्या एमपी३ फायली फ्लॅकमध्ये बदलल्या तर टाळांचा आवाज सुधारेल का. त्याचं उत्तर आधी देतो. नाही, सुधारणार नाही. दुकानातून करून आणलेल्या १२८ किलोबिटच्या (म्हणजे सेकंदाला एवढी माहिती साठवणाऱ्या) एमपी३ फायली फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणाऱ्या फॉरमॅटमध्ये बदलल्या, तर त्या सहज चार-पाच पट मोठ्या होतील आणि टाळांचा तो पाण्यात बुडवल्यासारखा चुळचुळ आवाज जसाच्या तसा राहील. पिठाचे पुन्हा गहू होत नाहीत, तसलाच प्रकार.

पण तुम्ही लिहिलंय की वडिलांच्या भजनी मंडळाच्या ३४ कॅसेट अजून कपाटात आहेत. हे वाचून जीव भांड्यात पडला. त्या आहेत तोवर काहीही बिघडलेलं नाही.

पेटी आणि गाणाऱ्यांचे आवाज ठीक वाटतात, पखवाजही बरा लागतो, नेमके टाळच का खराब, असं तुम्ही विचारलंत. निरीक्षण अचूक आहे आणि कारण एमपी३च्या रचनेतच आहे. १९९३च्या मानकात आलेली ही पद्धत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या कामातून पुढे आली. मोठ्या आवाजाच्या आड झाकला जाणारा बारीक आवाज आपल्या कानाला कळत नाही, म्हणून तो साठवायचाच नाही, हे तिचं तत्त्व. त्यासाठी आवाजाचे तुकडे पाडतात. १,१५२ नमुन्यांचा (नमुना म्हणजे त्या क्षणाच्या आवाजाचं एक मोजमाप) एक तुकडा, म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने धरले तर साधारण २६ मिलिसेकंदांचा. पेटीचा सूर अशा तुकड्यात स्थिर असतो, त्याला थोडे बिट पुरतात. टाळ मात्र क्षणात फटकन वाजतो आणि त्याची किणकिण वरच्या पट्टीत सगळीकडे पसरते. एवढं सगळं मांडायला बिट अपुरे पडले की झालेली चूक अख्ख्या तुकड्यावर सांडते, अगदी टाळ वाजण्याच्या आधीसुद्धा. वीस टाळकरी एकत्र वाजवत असतील तर १२८ किलोबिटांत त्याचा चिखलच होतो. दुकानदाराने मुद्दाम काही वाईट केलेलं नाही. सिनेमाच्या गाण्यांसाठी लावून ठेवलेली सेटिंग त्याने भजनाला लावली, इतकंच.

खात्री करायची असेल तर ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ती फाइल उघडा आणि ट्रॅकच्या नावावर टिचकी मारून स्पेक्ट्रोग्राम (कोणत्या पट्टीत किती आवाज आहे त्याचं चित्र) निवडा. कॅसेटची सूं-सूं खरं तर वरपर्यंत पसरलेली असते. १२८च्या एमपी३त ती बहुतेक वेळा १६ किलोहर्ट्झच्या आसपास सुरीने कापल्यासारखी थांबलेली दिसेल. उद्या कोणी तुम्हाला ‘ओरिजिनल फ्लॅक’ म्हणून काही पाठवलं, तर तेही असंच तपासा. एमपी३ला फ्लॅकचा सदरा घालून फिरवणारे पुष्कळ आहेत.

आता रूपांतराबद्दल. वेव्ह, फ्लॅक आणि ॲपलचं अलॅक ही एका घरातली, काहीही न गाळणारी. यांच्यात आपसात शंभर वेळा फिरवा, एक बिटही हलत नाही. एमपी३, एएसी, ऑपस, जुन्या फोनमधलं एएमआर ही दुसऱ्या घरातली, गाळणारी. पहिल्या घरातून दुसऱ्यात एकदा जायला हरकत नाही. दुसऱ्या घरातल्या दुसऱ्यात फिरवलंत, एमपी३चं एएसी, त्याचं पुन्हा एमपी३, तर दर फेरीला आणखी गळती होते. झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यावर अक्षरं जशी फुगत जातात तसं. आणि फाइलच्या नावातली शेवटची अक्षरं बदलणं म्हणजे रूपांतर नव्हे. हे सांगायची वेळ येते म्हणून सांगतो.

हे मी शहाणपणाने नव्हे, हात पोळून शिकलो. २००९मध्ये आईच्या जात्यावरच्या ओव्यांची एक कॅसेट मी संगणकात घेतली. तेव्हा डिस्क होती ८० जीबीची, म्हणून ९६ किलोबिटची एमपी३ केली. मग खरखर काढायचा उत्साह आला. आवाज साफ करणारं साधन जोरात चालवलं, त्याच फाइलवर पुन्हा एमपी३ म्हणून जतन केलं, आठवड्याने आणखी थोडं साफ केलं. कॅसेट पुढे घर बदलताना गेली. आज त्या ओव्या ऐकल्या की आई पत्र्याच्या डब्यातून गातेय असं वाटतं. जात्याची घरघर तर मी ‘खरखर’ समजून पुसूनच टाकली होती.

म्हणून तुम्ही एकच करा. कॅसेट पुन्हा घ्या, एकदाच, नीट, आणि न गाळणाऱ्या घरात. ती मूळ प्रत, तिला कधीही हात लावायचा नाही. बाकी गाडीसाठी, फोनसाठी, नातेवाइकांसाठी जे काही हवं ते तिच्यापासूनच बनवायचं.

डेक साधा चालेल, पण त्याचं हेड (फितीवरून आवाज वाचणारा भाग) आधी आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. बरीच वर्षं पडून असलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या, मगच वाजवा. डेकच्या लाइन-आउटमधून वायर काढून संगणकाच्या लाइन-इनमध्ये किंवा यूएसबी इंटरफेसमध्ये (आवाज संगणकात नेणाऱ्या छोट्या डबीत) जोडा. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालू नका, आवाज फुटतो आणि बऱ्याचदा मोनोच, म्हणजे डाव्या-उजव्याचा भेद नसलेला एकच चॅनल, येतो. घरच्या रेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेट दुसऱ्या डेकवर बोथट वाजतात, कारण दोन्ही यंत्रांच्या हेडचा कोन सारखा नसतो. हेडशेजारच्या बारीक स्क्रूने तो जुळवता येतो. टाळ सर्वांत लखलखीत ऐकू येतील तिथे थांबायचं. हे एक काम केलंत तर कुठल्याही फॉरमॅटने पडणार नाही एवढा फरक पडेल. फक्त स्क्रू मुळात कुठे होता त्याची खूण करून ठेवा.

सेटिंग ४८ किलोहर्ट्झ (सेकंदाला ४८,००० नमुने), २४ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजायचा ते). ध्वनिसंग्रहांची आंतरराष्ट्रीय संघटना आयएएसए हीच किमान पातळी म्हणून सुचवते. संस्था ९६ किलोहर्ट्झही वापरतात, पण घरच्या टेपरेकॉर्डरवरच्या भजनाला त्याची गरज मला आजवर वाटलेली नाही. २४ बिट कशाला, कॅसेटला तर १६ही पुष्कळ, असं कोणी म्हणेल, आणि ऐकण्यापुरतं ते खरं आहे. फायदा रेकॉर्डिंगच्या वेळी होतो. आवाजाची पातळी निवांत खाली ठेवता येते, सर्वांत मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास. अचानक ‘पुंडलिक वरदा’चा गजर झाला तरी आवाजाच्या लाटेचं डोकं कापलं जात नाही. एकदा कापलं गेलं की ते परत येत नाही.

जागेचा हिशेब: ४८/२४ स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १७.३ एमबी घेते. ६० मिनिटांची कॅसेट म्हणजे एक जीबीच्या किंचित वर, ३४ कॅसेट म्हणजे ३५-३६ जीबी. रेकॉर्डिंग वेव्हमध्ये करा, जतन फ्लॅकमध्ये. फ्लॅकने फाइल निम्मी होते असं सांगतात, पण कॅसेटच्या बाबतीत तितकी होत नाही, कारण सूं-सूं हा निव्वळ गोंधळ आहे आणि गोंधळाची घडी घालता येत नाही. दोन तृतीयांशावर आली तरी समाधान माना. तरीही मी फ्लॅकच घेतो. एक तर तिच्यात माहिती नीट लिहिता येते, देवनागरीतसुद्धा: अभंग कोणता, गायलं कोणी, गाव, साल. वेव्हमध्ये हे सगळं कटकटीचं आहे. दुसरं, फ्लॅक फाइल स्वतःच्या पोटात मूळ आवाजाची एक खूणगाठ ठेवते. दहा वर्षांनी डिस्क कुरतडली गेली का हे तपासणीत लगेच कळतं. आणि २००१पासून चालत आलेल्या या फॉरमॅटला डिसेंबर २०२४मध्ये आरएफसी ९६३९ (इंटरनेटच्या मानकांच्या दस्तऐवजांपैकी एक) म्हणून अधिकृत मानकही मिळालं, तेव्हा उद्या उघडणार नाही ही भीती नको. दोन वेगळ्या डिस्कवर ठेवा, एक दुसऱ्याच्या घरी.

मूळ प्रत झाली की पुढचं सोपं. गाडीच्या जुन्या स्टिरिओला एमपी३च द्या. ‘एमपी३ मेलं’ अशा बातम्या २०१७मध्ये आल्या होत्या. प्रत्यक्षात संपला होता तो परवान्यांचा कार्यक्रम, पेटंटची मुदत उलटली म्हणून. १९२ किलोबिट, आणि दर स्थिर ठेवा, कारण बदलत्या दराच्या फायलींची वेळ जुने स्टिरिओ चुकीची दाखवतात. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट करून घ्या आणि फायलींची नावं रोमन लिपीत ठेवा, नाहीतर पडद्यावर चौकोन दिसतील.

मंडळाची जी रेकॉर्डिंग मुळात मोनो आहेत, त्यांच्या वापरायच्या प्रती मोनोच करा. स्टिरिओ डेकवरून आलेले दोन्ही चॅनल एकत्र मिसळले की गाणं दोन्हींत सारखं असल्याने पूर्ण मिळतं, आणि सूं-सूं दोन्हींत वेगवेगळी असल्याने सुमारे तीन डेसिबलने मागे पडते. फुकटची सफाई. मात्र वर सांगितलेला हेडचा कोन जुळलेला नसेल तर उलटंच होतं, वरचे सूर एकमेकांना खातात. मोनोला १२८ किलोबिट एमपी३ पुरते, कारण सगळे बिट एकाच चॅनलच्या वाट्याला येतात.

काकांच्या आयफोनसाठी एएसी, १९२ किंवा २५६, एम४ए डब्यात. डबा म्हणतो ते अशासाठी की एम४ए हा फक्त डबा आहे, आत एएसीही असेल किंवा अलॅकही. सप्ताहाच्या व्हिडिओतून आवाज वेगळा काढायचाय म्हणालात, तिथेही हेच लक्षात ठेवा. एमपी४ व्हिडिओत आवाज बहुधा एएसीच असतो. एफएफएमपेग या आवाज-व्हिडिओ रूपांतराच्या प्रोग्रॅममध्ये ‘कॉपी’ सांगितलं की तो रूपांतर न करता नुसता दुसऱ्या डब्यात जातो. काही सेकंदांत होतं आणि काहीही गळत नाही. त्याची एमपी३ करणारी संकेतस्थळं असतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. घरचा आवाज परक्या सर्व्हरवर चढवायचा आणि वर गळतीही सोसायची, कशाला? भावाला अमेरिकेत पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, फाइल जशीच्या तशी पोचते.

उरल्या वडिलांच्या जुन्या फोनमधल्या एएमआर फायली. हे फॉरमॅट फोनवरच्या बोलण्यासाठी बनलेलं. सेकंदाला ८,००० नमुने, म्हणजे ४ किलोहर्ट्झच्या वर त्यात काही नसतंच, आणि दर जास्तीत जास्त १२.२ किलोबिट. कशातही बदला, तेवढंच राहणार. ऐकायला म्हणून ६४ किलोबिटची मोनो एएसी करा, ती आयफोनवर उघडेल. पण मूळ एएमआर पुसू नका, सगळ्या मिळून काही एमबीच असतील.

सुरुवात सगळ्यांत कमी महत्त्वाच्या कॅसेटने करा. तिची हरिपाठाची पाच मिनिटं वेव्हमध्ये घ्या आणि इथे दुवा टाका. कोन आणि पातळी जमली का ते ऐकून सांगतो, मग बाकीच्या ३३ लावा.