काठ्यांचा धंदा परवडेल का?

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली काठी पोचली. माणगा जातीच्या बांबूची आहे, बुंध्याकडची आहे आणि पेरं मन लावून घासली आहेस, हे हातात धरताच कळलं. पण काठी कशी झाली हे तू विचारलेलंच नाहीस. घरची बांबूची बेटं आहेत, हातात कसब आहे, तर नोकरी सोडून चालण्याच्या काठ्या करून विकाव्यात का, असं विचारलं आहेस. उत्तर आधी देऊन टाकतो. आज नोकरी सोडू नकोस. सुट्टीच्या दिवसांत मात्र हे काम जरूर सुरू कर, आणि वर्षभर वहीत नीट हिशोब मांडून मग ठरव. असं का म्हणतो, ते सविस्तर लिहितो.

या धंद्यातली सगळ्यात मोठी अडचण गिऱ्हाइकाची आहे. चांगली काठी वर्षानुवर्षं टिकते आणि ती घेणारा माणूस सहसा दुसरी घ्यायला येत नाही. कोकम, लोणची, पापड विकणाऱ्याचं जुनं गिऱ्हाईक फिरून फिरून येतं. तुला प्रत्येक काठीमागे नवा माणूस शोधायचा आहे. महिन्याला 25,000 रुपये घरात यावेत असं धरलं आणि एका काठीमागे तुझी मजुरी नि नफा मिळून 400 रुपये सुटले, तर महिन्याला 62-63 काठ्या खपल्या पाहिजेत. वर्षाच्या साडेसातशे झाल्या. एवढ्या काठ्या तू करशील याबद्दल मला शंका नाही. पण दरवर्षी साडेसातशे नवी माणसं तुझ्यापर्यंत येणार कुठून? याचं उत्तर ज्या दिवशी तुझ्याकडे असेल, त्या दिवशी धंदा उभा राहिला असं समज.

मागणी आहे, यात वाद नाही. 2011 च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेले लोक 10 कोटींच्या वर होते आणि एकट्या महाराष्ट्रात 1 कोटीहून जास्त. पण हा आकडा बघून हुरळून जाऊ नकोस. त्यातल्या बऱ्याच जणांना काठी फुकट मिळते. 2017 पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत गरीब ज्येष्ठांना कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीमार्फत काठ्या, कुबड्या, वॉकर वाटले जातात. 2024 मध्ये राज्याने मुख्यमंत्री वयोश्री योजना आणली. तिच्यात 65 वर्षांवरच्या पात्र व्यक्तीला अशा साधनांसाठी 3,000 रुपये थेट खात्यात मिळतात. त्याखेरीज औषधांच्या दुकानात ॲल्युमिनियमची काठी काही शे रुपयांत मिळते. तिला भोकं असतात, बटण दाबून उंची कमीजास्त करता येते. त्या काठीशी भावात भिडायला जाशील तर पहिल्या वर्षातच दमशील.

मग तुझं गिऱ्हाईक कोण? माझ्या मते आईवडिलांसाठी काठी घेणारी चाळिशी-पन्नाशीची मुलगी किंवा मुलगा. आजारपणाची खूण वाटते म्हणून वडील ॲल्युमिनियमची काठी हातात धरत नाहीत आणि भिंतीला धरून चालतात, हे घराघरातलं चित्र आहे. दिसायला देखणी, हाताला ऊबदार आणि त्या माणसाच्या मापाची लाकडी मुठीची काठी ते धरतात. हे गिऱ्हाईक हजार-बाराशे रुपये द्यायला कुरकुरत नाही. पण त्याला खात्री हवी असते, आणि ती मापापासून सुरू होते.

माप घ्यायची रीत पाठ करून ठेव. माणसाने रोजच्या चपला किंवा बूट घालून सरळ उभं राहायचं, हात सैल सोडायचे. जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंतची उंची म्हणजे मुठीच्या माथ्यापर्यंत काठीची उंची. अशी काठी धरली की कोपर किंचित वाकलेलं राहतं. काठी उंच झाली तर खांदा वर चढतो, आखूड झाली तर माणूस पुढे झुकतो आणि तोल जातो. एक पाय दुखत असेल तर काठी दुसऱ्या बाजूच्या हातात धरायची, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. तू काठीबरोबर हे सगळं मराठीत छापलेलं एक पान दिलंस, तर ते औषधाच्या दुकानातल्या काठीबरोबर मिळत नाही. कंबर किंवा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या माणसाला मात्र स्वतःच्या अंदाजाने काठी देऊ नकोस. त्याच्या फिजिओथेरपिस्टला विचारूनच दे. कुडाळ-सावंतवाडीतल्या दोन-तीन फिजिओथेरपिस्टना आधीच जाऊन भेट. त्यांच्याकडे रोज नवा माणूस येतो, आणि तुला नेमकं तेच हवं आहे.

आता तुझ्या काठीबद्दल. माणगा निवडलास ते फार बरं केलंस. बुंध्याकडे तो जवळजवळ भरीव असतो, काटे नसतात आणि सिंधुदुर्गात तो बांधाबांधावर आहे. कायद्याचीही आता आडकाठी नाही. भारतीय वन कायद्यातल्या झाडाच्या व्याख्येतून वनाबाहेरचा बांबू 2017 साली वगळला गेला. पण तू पाठवलेली काठी दोन वर्षांची वाटते. बुडाशी कापलेल्या तोंडावर नखाने दाबलं तर किंचित खूण उमटते. तीन वर्षं पूर्ण झालेली जून काठीच तोड, आणि ती पावसाळा संपल्यावर. कोंब फुटला की त्यावर रंगाने वर्ष घालून ठेवायची सवय लाव, म्हणजे तोडताना अंदाज करावा लागणार नाही. कोवळ्या बांबूत पिष्ट (स्टार्च) जास्त असतं आणि भुंगा त्याच्यावरच येतो. चार महिन्यांनी गिऱ्हाइकाच्या घरात काठीखाली पिवळसर भुकटी पडायला लागली, की पैसे परत द्यावे लागतात आणि वर बदनामी होते. जुनी माणसं वाहत्या पाण्यात बांबू बुडवून ठेवायची, त्याचं कारण हेच. आता बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात भिजवतात. त्याशिवाय एकही काठी बाहेर जाऊ देऊ नकोस. वाळवण सावलीत, उभ्याने आणि घाई न करता कर. वाकडी झालेली काठी आचेवर शेकून, दाब देऊन सरळ करता येते. हे पुस्तकात वाचून जमत नाही, जाणत्या माणसाशेजारी बसून शिकून घे.

मजबुतीचं मी वेगळं लिहितो, कारण त्याबाबतीत मी फार कडक आहे. शोभेची वस्तू मोडली तर पैसे जातात, चालण्याची काठी मोडली तर माणूस पडतो. सत्तरीतल्या माणसाचं खुब्याचं हाड मोडलं की अख्खं घर हलतं. मूठ आणि दांडा यांचा सांधा ही सगळ्यात नाजूक जागा. तुझ्या काठीत मूठ नुसती फेविकॉलने बसवली आहेस, ते मला मान्य नाही. आत लोखंडी किंवा पितळी आट्याचा खिळा (स्क्रू) घे आणि बाहेरून पितळेची कडी बसव, म्हणजे बांबू चिरत नाही. प्रत्येक काठीवर स्वतःचं पूर्ण वजन टाकून, मुठीला पीळ देऊन बघ. एका तुकडीतली एक काठी मुद्दाम मोडेपर्यंत भार घालून बघ. खालचं रबर चांगल्या प्रतीचं घे. ओल्या लादीवर, शेणाने सारवलेल्या अंगणात, बाथरूमच्या टाइल्सवर ते घसरतं का, हे स्वतः तपास. रबर झिजतं, म्हणून प्रत्येक काठीबरोबर एक जादा रबर दे आणि ते संपलं की कुठे मिळेल तेही लिहून ठेव. जुनं गिऱ्हाईक परत यायचं एवढं एकच कारण या धंद्यात आहे.

हिशोब तू मालाचाच केला आहेस, स्वतःच्या हाताचा केलेला नाहीस. नवशिके तिथेच फसतात. मी अंदाजाने आकडे धरतो, तू तुझे घाल. बांबू 40, मुठीचं लाकूड आणि कातकाम 120, आटा-कडी 60, रबरं 50, पॉलिश पेपर आणि वॉर्निश 35, खोका 30. हे झाले 335. दोन तास काम, दिवसाला 800 रुपये मजुरी धरली तर 200. दहातली एक काठी चिरते किंवा वाकते, त्याचे 50. म्हणजे 585 रुपये तुझ्या घरातच लागले. हजाराची काठी दुकानदाराला 40 टक्के कमिशनवर दिलीस तर हातात 600 येतात. मजुरी सुटते, नफा पंधरा रुपये. तीच काठी स्वतः विकलीस तर मजुरी धरून सहाशेच्या वर सुटतात, पण विकायला जाण्याचा वेळ नि खर्च त्यातून वजा होतो. वर धरलेले 400 असेच उरतात. म्हणून दुकानांच्या मागे लागू नकोस. मुंबई-पुण्याहून गणपतीला आणि मे महिन्यात गावी येणारी माणसं तुझ्या दारावरून जातात, सुरुवात त्यांच्यापासून कर.

कुरिअरचं गणित आधीच समजून घे. लांब खोक्याला कुरिअरवाले वजनाने नाही, आकारमानाने पैसे लावतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणून बहुधा 5,000 ने भागतात. मूठ बसवलेल्या काठीचा खोका 96 बाय 14 बाय 6 झाला, तर काठी अर्ध्या किलोची असूनही पैसे 1.6 किलोचे पडतात. मूठ फिरवून काढता येत असेल आणि ती दांड्याशेजारी ठेवली, तर 92 बाय 8 बाय 5 च्या खोक्यात सगळं मावतं आणि वजन पाऊण किलोच्या आत धरलं जातं. पण घरी मूठ बसवल्यावर ती सैल पडू नये म्हणून आडवी खिट्टी द्यावी लागेल, आणि ती बसवायची कशी हे चित्र काढून दाखवावं लागेल. मधोमध दोन तुकड्यांत सुटणारा दांडा मात्र म्हाताऱ्या माणसासाठी करू नकोस.

गड चढणाऱ्यांच्या आणि यात्रेकरूंच्या काठीबद्दल तू विचारलं आहेस. तिथे नग जास्त खपतात, पण भाव मिळत नाही. गिरनारच्या पायथ्याशी जवळजवळ दहा हजार पायऱ्या चढायला निघालेल्या माणसाला काठी भाड्याने मिळते. तीच काठी पुन्हा पुन्हा पैसे आणते आणि तिथे कोणी मुठीची कलाकुसर बघत नाही. ट्रेकला नेणाऱ्या संस्थांना किंवा आपल्याकडच्या निसर्ग पर्यटनवाल्यांना तीस-चाळीस साध्या, मजबूत काठ्यांचा एकगठ्ठा माल देता आला तर दे. मुठीला लायक नसलेला बांबू त्यात खपतो.

लेथ मशीन घ्यायचं मनात आहे, ते तूर्त बाजूला ठेव. सावंतवाडीच्या चितार आळीत लाकडी खेळण्यांचं कातकाम आणि लाखेचं रंगकाम करणारे हात पिढ्यान्‌पिढ्या आहेत. मुठी त्यांच्याकडून करून घे. लाखेच्या रंगातली मूठ आणि माणग्याचा दांडा ही जोडी दुसरीकडे कुठे मिळणार नाही, आणि त्यांनाही काम मिळेल. शिसवाच्या मुठीचा मोह आवर. ते झाड तोडायला परवानगी लागते, आणि 2017 पासून ते साइट्स या दुर्मीळ झाडं-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात असल्याने परदेशातल्या गिऱ्हाइकाला पाठवताना कागदपत्रांचा घोळ होतो. कर्जाची घाई करू नकोस. मागणी दिसली की पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या उत्पादन उद्योगाला सर्वसाधारण गटात 25 टक्के अनुदान आहे, तेव्हा जिल्हा उद्योग केंद्रात जाऊ. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती आताच करून टाक. ऑनलाइन विकण्याआधी जीएसटीचं एखाद्या सीएला विचार.

आधी वीस काठ्या कर. त्यातल्या पाच गावातल्या ज्येष्ठांना तीन महिने वापरायला दे, एक पैसा न घेता, आणि दर पंधरवड्याला जाऊन मूठ, सांधा, रबर बघून वहीत लिही. उरलेल्या पंधरा ओळखीबाहेरच्या माणसांना पूर्ण भावाने विक. नातेवाइकांनी कौतुकाने घेतलेल्या काठ्या मोजू नकोस. पंधरा विकायला किती दिवस लागले, कोणत्या दारातून गिऱ्हाईक आलं, कोणी भाव ऐकून पाठ फिरवली, हे सगळं त्याच वहीत उतरव. दिवाळीनंतर नवी तोड सुरू होईल, तेव्हा वही घेऊन ये. जून बांबू कसा ओळखायचा ते बेटात उभं राहून दाखवतो, आणि पुढच्या वर्षासाठी किती तोडायचा तेही आकडे बघून ठरवू.

घरी सर्वांना नमस्कार सांग.

तुझा,
काका