वाचकांचे कायदेविषयक प्रश्न : विकलेली गाडी आणि आरसीवरचे नाव

प्रश्न : माझी ११० सीसीची स्कूटर मी २०२१ मध्ये ओळखीच्या एका गृहस्थांना विकली. मुद्रांकावर करार केला, पूर्ण रक्कम मिळाली आणि फॉर्म २९ व ३० वर (मालकी हस्तांतरणाची सूचना व अर्ज) सह्या करून आरसी बुकासह सर्व कागद त्यांच्या हवाली केले. गाडी नावावर करून घेतो, असे ते म्हणाले होते. अलीकडे मला ई-चलान येऊ लागले, तेव्हा गाडी अजून माझ्याच नावावर असून विम्याची मुदत केव्हाच संपल्याचे कळले. त्यांनी ती पुढे तिसऱ्यालाच विकल्याचेही ऐकतो. उद्या अपघात झाला तर जबाबदारी माझ्यावर येईल का? (एक वाचक, कराड)

उत्तर : येऊ शकते, आणि म्हणूनच हे प्रकरण चलानांपुरते समजू नये. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५० नुसार गाडी त्याच राज्यात विकली असल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला, म्हणजे आरटीओला, हस्तांतरण कळवायचे असते. ही दोन स्वतंत्र कर्तव्ये आहेत. सह्या केलेले फॉर्म खरेदीदाराच्या हाती दिले की आपले काम संपले, अशी जी सर्वसाधारण समजूत आहे तिला कायद्यात आधार नाही. न कळवल्याचा दंड मात्र किरकोळ आहे. कलम १७७ खाली पहिल्या वेळी तो ५०० रुपयांपर्यंतच होतो. दंड इतका हलका असल्यामुळेच लोक ही गोष्ट मनावर घेत नाहीत, असे मला वाटते.

खरा धोका ‘मालक’ या शब्दाच्या व्याख्येत आहे. वस्तुविक्री कायदा, १९३० च्या दृष्टीने पाहिले तर पैसे घेऊन ताबा दिला तेव्हाच स्कूटर तुमच्या मालकीची राहिली नाही, आणि तुम्ही व खरेदीदार यांच्यातील वादात तुमचा करार पुरेसा उपयोगी पडेल. परंतु मोटार वाहन कायद्याच्या कलम २(३०) प्रमाणे ज्याच्या नावावर वाहन नोंदलेले आहे तो मालक (अल्पवयीन व्यक्तीचे वाहन आणि कर्जाच्या किंवा भाडेखरेदीच्या करारातील वाहन यांना अपवाद आहेत), आणि अपघातग्रस्ताला नुकसानभरपाई मागायची असते ती या मालकाकडे. नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर जवळपास तुमच्यासारखीच परिस्थिती होती : गाडी एकामागून एक अनेकांना विकली गेली, नोंदणी पहिल्याच मालकाच्या नावावर राहिली आणि अपघाताच्या वेळी विमा नव्हता. उच्च न्यायालयाने नंतरच्या खरेदीदाराला जबाबदार धरले होते. ६ फेब्रुवारी २०१८ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निर्णय फिरवला आणि भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावर ठेवली, कारण नोंद न झालेल्या विक्रीव्यवहारांची साखळी शोधत फिरण्याचा भार अपघातग्रस्तावर किंवा त्याच्या वारसांवर टाकणे कायद्याच्या हेतूशी विसंगत ठरले असते. मला हा निर्णय योग्य वाटतो, जरी तो तुमच्यासारख्या सरळ माणसाला जाचक ठरत असला तरी.

विमा चालू असता तर चिंता बरीच कमी होती, कारण कलम १५७ मुळे वाहनाबरोबर त्रयस्थ व्यक्तीविषयीचे (थर्ड पार्टी) विमासंरक्षणही नव्या मालकाकडे गेल्याचे मानले जाते. विमा संपला असल्यास भरपाईची रक्कम नोंदणीकृत मालकाच्या स्वतःच्या मिळकतीतून वसूल होऊ शकते. ती भरल्यानंतर कराराच्या आधारे खरेदीदाराकडून मागता येईल, पण तो वेगळा आणि लांबणारा दिवाणी दावा आहे.

फौजदारी बाजू इतकी कठोर नाही. गाडी गुन्ह्यात वापरली गेली तर पोलीस प्रथम तुमच्याकडे येतील, आणि चालकाविषयी माहिती देणे कलम १३३ नुसार मालकाला बंधनकारक आहे. मात्र केवळ आरसीवर नाव आहे म्हणून दुसऱ्याच्या कृत्यासाठी शिक्षा होत नाही. अल्पवयीनाने गाडी चालवल्यास २०१९ पासून लागू झालेल्या कलम १९९अ मध्ये पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे. तेथे हे आपल्या नकळत घडले, हे मालकाला सिद्ध करावे लागते, आणि त्या वेळी तुमचा मुद्रांक कामी येईल.

आता करायचे ते असे. कराराची प्रत, रक्कम मिळाल्याचा पुरावा आणि खरेदीदाराचे ओळखपत्र जोडून फॉर्म २९ तुम्ही स्वतः आरटीओकडे द्या, पोच घ्या आणि वाहनाच्या नोंदीवर आक्षेपाचा शेरा घेण्याची लेखी विनंती करा. खरेदीदाराला पोचपावतीसह नोंदणीकृत टपालाने नोटीस पाठवा. त्यातून काही झाले नाही तर गाडी नावावर करून घेण्याचा आदेश दिवाणी न्यायालयाकडून मागता येतो. दरम्यान, सर्व हकीकत विमा कंपनीला लेखी कळवून त्रयस्थ विमा मिळतो का, ते पाहा. या आकाराच्या दुचाकीचा वार्षिक हप्ता २०२२ च्या दराने करांशिवाय ७१४ रुपये आहे. न वापरलेल्या गाडीचा हप्ता भरणे जिवावर येईल, हे खरे, तरीही भरावा.

प्रश्न : जुनी मोटार व्यापाऱ्याला दिली तरी हीच जोखीम राहते का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : व्यापारी परिवहन खात्याने अधिकृत केलेला आहे का, यावर ते अवलंबून आहे. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा अधिकृत व्यापाऱ्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना फॉर्म २९क मध्ये खात्याच्या पोर्टलवर गेली आणि तिची पोच निघाली की तो व्यापारी मानीव मालक, म्हणजे कायद्याने मालक मानला जाणारा, ठरतो. अधिकृतता नसलेल्या दलालाकडे गाडी दिल्यास वरील उत्तर जसेच्या तसे लागू होते.

प्रश्न : वडिलांचे निधन होऊन दोन महिने झाले. त्यांची मोटार भाऊ वापरतो. काही कळवावे लागते का? (एक वाचक, नांदेड)

उत्तर : होय. केंद्रीय मोटार वाहन नियम ५६ नुसार मृत्यूनंतर तीन महिने गाडी वापरता येते, मात्र मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या इराद्याची सूचना आरटीओला ३० दिवसांत द्यायची असते. ती मुदत टळली आहे, म्हणून आजच सूचना द्या आणि मृत्यूचा दाखला व इतर वारसांची संमती जोडून तीन महिने भरण्याआधी फॉर्म ३१, म्हणजे गाडी वारसाच्या नावावर करण्याचा अर्ज, सादर करा. विमा कंपनीलाही त्याच आठवड्यात कळवा, आणि हे होईपर्यंत भावाने गाडी दारातच ठेवलेली बरी.