पहिले पंधरा दिवस मी तिला पाहुणी ठेवलं

प्रश्न : ताई, आम्ही चोपड्याला राहतो. रोटरीच्या विद्यार्थी अदलाबदलीतून जुलैअखेर जर्मनीची सोळा वर्षांची मुलगी शाळेच्या वर्षासाठी येतेय. पहिले सहा महिने ती आमच्याकडे. सासूबाईंना घोर लागलाय : ती खाईल काय, उन्हात निभेल का? वेगळा स्वयंपाक करू का? एसी बसवू का?
– एक वाचक

उत्तर : ताई, वेगळा स्वयंपाक अजिबात करू नका. मी तेच केलं होतं. आमच्याकडे फ्रान्सची मुलगी होती. तिखट सोसणार नाही म्हणून मी तिला रोज बटाट्याची फिकी भाजी करायची, सगळ्यांच्या आधी वाढायची, ताटही उचलू द्यायची नाही. ती 'थँक्यू' म्हणायची आणि खोलीचं दार लावून घ्यायची. एका रात्री आतून हुंदके ऐकू आले, तेव्हा माझ्या पोटात कालवलं.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी ओट्यावरून हाक मारली, "ये वं पोरी, लसून सोल." तिला अहिराणी काय कळणार! पण बसली शेजारी. नखानं एकेक पाकळी सोलत होती. सासूबाईंनी तिच्या हातातली पाकळी घेऊन वरवंट्यानं हलकेच दाबून दाखवली, साल सुटली, आणि पोर पंधरा दिवसांत पहिल्यांदा मोकळं हसली. हिवाळ्यात शेतात कापसाच्या पऱ्हाट्यांवर वांगी भाजली तेव्हा बडगीत, म्हणजे लाकडी भांड्यात, भरीत तिनंच ठेचलं. मिरच्या मात्र तिच्या वाटणीत कमी टाकायच्या, एवढंच.

कागदपत्रांत हयगय नको. तुमच्याकडची जर्मन मुलगी घरात आल्यापासून २४ तासांत परदेशी पाहुण्याच्या मुक्कामाची माहिती (पूर्वीचा 'फॉर्म सी') ऑनलाइन भरायची असते, आणि मुक्काम १८० दिवसांहून जास्त म्हणून भारतात आल्यापासून १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षक कार्यालयाकडे असतं. क्लबवाले मदत करतात, तरी पावत्या स्वतः डोळ्यांखालून घाला.

तिच्या आईशी बोलायचा आठवड्यातला एकच दिवस ठरवा. जर्मनी आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे, ऑक्टोबरअखेरपासून साडेचार. रोज फोन झाला की पोरीचा जीव तिकडेच अडकून राहतो, हे मी पाहिलंय. आणि आपल्याकडे शेजारची पोर सहज स्कूटी हातात देते. तिला चालवू देऊ नका, रोटरीचा नियमच आहे.

उन्हाचं म्हणाल तर पहिले सहा महिने पावसाळा आणि थंडीचेच. एसीची घाई नको. एप्रिल-मेचा पंचेचाळीसचा पारा दुसऱ्या घरी लागेल; त्यांना कूलर, माठ आणि दुपारी बारानंतर घराबाहेर नाही, हे आधीच सांगून ठेवा.

तिच्या खोलीची आणि न्हाणीघराची आतली कडी मात्र आजच तपासा. आमची सैल होती. फ्रान्सची पोर महिनाभर दाराला बादली लावून अंघोळ करत होती, आणि कुणाला बोलली नव्हती.