कोल्हापूरच्या पावसाळ्यात सागवानी फ्लोअरिंग टिकेल का? स्वतः बसवता येईल का?

टिकतं, आणि सुतारकामाचा थोडा हात असेल तर स्वतः बसवताही येतं. पण तुम्ही लिहिलंय की घर नवीन आहे आणि काम मे महिन्यात उरकायचं आहे. या दोन गोष्टींचीच मला काळजी वाटते.

माझ्या घरी वरच्या मजल्यावरच्या खोलीत मी सागवानी फळ्या मे महिन्यातच बसवल्या. फट वाईट दिसते म्हणून फळ्या भिंतीला अगदी चिकटवून बसवल्या. जुलैत पावसाची झड लागली आणि खोलीच्या मधोमध फळ्या वर उचलल्या गेल्या, पाय ठेवला की पोकळ आवाज यायचा. लाकूड हवेतली ओल पितं आणि रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच. दहा फुटी खोलीत चार इंची तीस फळ्या बसतात. एकेक फळी अर्धा मिलिमीटर फुगली तरी 15 मिलिमीटर होतात. ते जाणार कुठे? मग दोन्ही भिंतींकडच्या ओळी काढून कडा तासल्या आणि फट सोडली. फळ्या हळूहळू खाली बसल्या, पण खिळे ढिले झाले होते, दिवाळीनंतर ते परत मारावे लागले.

म्हणून चारही भिंतींकडे निदान चार सूत, म्हणजे 12 मिलिमीटर फट सोडाच. स्कर्टिंगखाली, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावायच्या पट्टीखाली, ती झाकली जाते. फक्त स्कर्टिंग भिंतीला ठोका, फळीला नाही. मला विचाराल तर मे टाळा आणि दिवाळीनंतर काम काढा, तेव्हा लाकूड फार ओलंही नसतं आणि फार सुकलेलंही नसतं.

नवीन कोबा वरून कोरडा दिसला तरी आत ओल धरून असतो. दोन फुटी प्लॅस्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटपट्टीने सील करून दोन दिवस ठेवा. खाली थेंब दिसले किंवा कोबा काळसर पडला तर थांबा. टिंबर मार्केटमध्ये लाकूड घेताना भट्टीत सुकवलेलंच मागा आणि ओल मोजायचं मीटर सोबत न्या, वखारवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. घरी आणलं की त्याच खोलीत, मध्ये पट्ट्या घालून, निदान दोन-तीन आठवडे रचून ठेवा. बसवायच्या दिवशी खाली अंथरायचा प्लाय आणि फळी यांच्या ओलीत 2 टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको.

कोब्यावर जाड पॉलिथिन, त्यावर 18 मिलिमीटरचा पाण्याला टिकणारा प्लाय स्क्रूने आवळून, त्यावर फळ्या. प्लायच्या तुकड्यांमध्येही थोडी फट हवी. वाळवीचं औषध आधीच मारून घ्या. खिळा फळीच्या जिभेतून, म्हणजे पुढच्या फळीच्या खाचेत बसणाऱ्या कडेतून, तिरका मारायचा, म्हणजे पुढच्या फळीखाली डोकं लपतं. सागवान टोकाला चिरतं, तिथे आधी बारीक भोक पाडा. पहिली ओळ मात्र दोरी धरून सरळ घ्या, त्यासाठी अर्धा दिवस गेला तरी चालेल. ती वाकडी गेली की शेवटच्या ओळीला पाचरीसारखे तुकडे कापावे लागतात. जमीन जवळजवळ दीड इंच वर येते, तेव्हा दारं खालून तासायची तयारी ठेवा.

तळमजल्याबद्दल मात्र स्पष्ट सांगतो. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा भागात घर असेल तर तिथे लाकूड घालू नका. 2019 आणि 2021 च्या पुरात तिथल्या घरांत पाणी शिरलं होतं. तिथे फरशीच बरी.

रोजची पुसणी घट्ट पिळलेल्या फडक्यानेच करा, बादलीभर पाणी ओतून नको. खोल्यांची मापं आणि मजला कळवलात तर किती फळ्या लागतील याचा हिशेब करून देतो. कापाकापीसाठी दहा टक्के जास्त धरावे लागतात.