राउंडला मागे सरकणाऱ्या मुलीस

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

वॉर्डातल्या राउंडला सर पेशंटच्या खाटेजवळ थांबले की तू हळूहळू मागे सरकतेस, स्वतःची केस मैत्रिणीला प्रेझेंट करायला लावतेस आणि रात्री हॉस्टेलवर ‘माझी लायकीच नाही’ म्हणत रडतेस, हे तुझ्या पत्रातून कळलं. खानापूर, निपाणीकडून मराठी शाळेत शिकून एमबीबीएसला आलेली अशी मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. लेक्चर इंग्रजीत, बेळगावच्या वॉर्डातले निम्मे पेशंट कन्नड बोलणारे. दोन्हीकडे जीभ अडखळते आणि पोरं त्यालाच बुद्धीची कमतरता समजतात. तसं अजिबात नाही. ‘नीट’ ही प्रवेश परीक्षा देऊन ही जागा तू मिळवली आहेस.

मागे सरकलीस की छातीतली धडधड लगेच थांबते ना? तिथंच सगळं बिघडतं. मागे झाले म्हणून वाचले, असं मन पक्कं धरून बसतं आणि पुढच्या राउंडला भीती आणखी वाढते. तिथंच उभी राहिलीस तर धडधड चढेल, जरा वेळ टिकेल आणि आपोआप उतरेल. ते उतरणं तू अजून अनुभवलेलंच नाहीस.

एकदम अख्खी केस नको. दुपारी वॉर्ड शांत असताना एकटीच हिस्टरी घे, म्हणजे पेशंटला त्याच्या दुखण्याची माहिती विचार. सौंदत्तीकडची एखादी आजी असेल, तिला ‘एन त्रास ऐत्री?’ एवढं विचार. तुझं कन्नड ऐकून ती हसेल, चुकलेला शब्द सुधारून देईल आणि मग सगळं दुखणं सांगत बसेल. आपला आवाज कापतोय का, हे त्या वेळी तपासू नकोस. तिच्या सुजलेल्या नडगीवर अंगठा दाबून धर, सोड आणि खड्डा किती वेळ राहतो ते बघ. लक्ष पेशंटकडे गेलं की स्वतःकडे बघायला सवड उरत नाही. पुढच्या राउंडला वय, तक्रार आणि किती दिवसांपासून, एवढंच बोल. बाकीचं मैत्रिणीला सांगू दे.

पेशंटसमोर विद्यार्थ्याचा पाणउतारा करणारे शिक्षक चुकतात, हे मी ठामपणे सांगतो. त्यांच्या आवाजावरून स्वतःची किंमत ठरवू नकोस.

वायवाच्या, म्हणजे तोंडी परीक्षेच्या आधी हॉस्टेलात कुणी प्रोप्रॅनोलॉल ही धडधड कमी करणारी गोळी देऊ केली तर घेऊ नकोस. दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते. झोप उडाली, जेवण सुटलं, कॉलेज बुडायला लागलं, तर सरळ मानसोपचार विभागात जा. या भीतीवर सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणाऱ्या बोलून करायच्या उपचाराचा, चांगला उपयोग होतो, गरज पडली तर औषधंही आहेत. जगणंच नकोसं वाटलं तर क्षणभरही एकटी राहू नकोस. मला उठव, नाहीतर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लाव. तो चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.

सोमवारी त्या तीन गोष्टी बोलून झाल्या की संध्याकाळी मला फोन कर. सर काय म्हणाले ते नंतर सांग, आधी आजीच्या पायाची सूज कशामुळे होती ते सांग.

तुझा,
काका